मराठी टायपिंग शिकताय? आधी फाइल तपासा

टायपिंगचा क्लास झालाय, वेग मिनिटाला 30 शब्दांवर गेलाय आणि आता बाहेरची कामं घ्यायची आहेत, अशांसाठी हे लिहितेय. वेगाचं नंतर बघू. तुम्ही टाइप करताय ते युनिकोड आहे का, म्हणजे कुठल्याही फॉन्टात मराठीच राहणारं आहे का, ते आज बघा.

मी बघितलं नव्हतं. किल्ल्यांवरची 140 पानं जुन्या फॉन्टात करून पाठवली. समोरच्याकडे तो फॉन्ट नव्हता, पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं! हे नीट समजून घ्या. कृतिदेवसारख्या फॉन्टात ‘मराठी’ असं दिसतं, पण फाइलमध्ये असतात ई, जे, के, बी, एच. फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट काढला की मराठी गेली. युनिकोडमध्ये ‘म’ हा ‘म’ म्हणूनच साठवला जातो. खात्री करायची तर सगळा मजकूर सिलेक्ट करून एरियल फॉन्ट लावा. इंग्रजी अक्षरं उमटली, तर पुढचं काम घेऊ नका.

मग मी जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरला आणि खरी फसले ती इथे. ‘खोल दऱ्या’चं सगळीकडे ‘खोल दर्या’ झालं. दोन्ही शब्द शुद्ध, त्यामुळे स्पेलचेकरला काहीच खटकलं नाही. पुस्तिका छापून आली. “बाई, तोरण्याखाली समुद्र आहे का?” लेखक एवढंच म्हणाले. त्या कामाचे पैसे मी मागितले नाहीत. कन्व्हर्टर वापरा, पण नंतर प्रत्येक ‘र्य’ आणि ‘र्ह’ स्वतः वाचा. वऱ्हाड, कऱ्हाड, सुऱ्या, सगळे यातच सापडतात.

“दिसतंय ना मराठी, मग झालं,” असं शिकवणाऱ्यांपासून लांब राहा. रोमन स्पेलिंगवरून मराठी उमटवणंही मला पटत नाही. न की ण, ल की ळ यासाठी नजर सारखी सुचवलेल्या शब्दांच्या यादीकडे जाते.

सरळ इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ‘के’वर क, शिफ्ट धरला की ख. ‘ऱ्या’साठी शिफ्ट धरून ‘जे’, पाय मोडायला ‘डी’, मग य आणि काना. रेमिंग्टनवाल्यांचा, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर शिकलेल्यांचा हात पहिल्या वेलांटीला अडखळेल, कारण इथे ती अक्षरानंतर द्यायची. घाबरू नका, रोज अर्धा तास बसलात तर बोटं वळतात. माझी वळली. पुढे गुजरातीचं काम आलं तेव्हा कीबोर्ड नव्याने शिकावा लागला नाही, तिथेही क ‘के’वरच होता.