‘पुढे वाचा’ वाचकाला कुठे उतरवतं?

वाचकानं प्रस्तावना वाचली, ‘पुढे वाचा’वर बोट ठेवलं आणि तो पुन्हा शीर्षकापाशी आला. मोबाइलवर तोच मजकूर परत सरकवत बसणं फार जाचतं. वाचक थांबला तिथेच उतरावा, यासाठी वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट चालवण्याचं सॉफ्टवेअर) वेगळं प्लगइन शोधू नका, सोय मुळातच आहे. लेखात प्रस्तावना संपते तिथे मोअर ब्लॉक (‘पुढे वाचा’ची खूण) टाकला की लेखांच्या यादीतल्या लिंकच्या शेवटी हॅश आणि ‘मोअर-४१२’ असं काही लागतं (कोडमध्ये रोमन अक्षरांत, ४१२ हा पोस्टचा क्रमांक). पूर्ण लेखात ब्लॉकच्या जागी त्याच आयडीचा रिकामा स्पॅन (न दिसणारा एचटीएमएल टॅग) बसतो. दोन्ही जुळले की उडी बरोबर पडते.

खरी मेख यादीच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ते पान मांडणाऱ्या फाइलमध्ये आहे. तिथे ‘द कंटेंट’ (लेखाचा मजकूर दाखवणारं फंक्शन) असेल तरच हे घडतं. ‘द एक्सर्प्ट’ (फक्त छोटा उतारा दाखवणारं फंक्शन) असेल, तर ‘पुढे वाचा’ची लिंक थीमनं, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या संचानं, स्वतः बनवलेली असते आणि तिला अँकर (ती हॅशची शेपटी) नसतो. इथे सुचणारा शॉर्टकट म्हणजे त्या लिंकला हाताने अँकर जोडणं. तो करू नका! आपोआप बनणारा एक्सर्प्ट मुळात ५५ शब्दांवर तुटतो. तुमची प्रस्तावना ९० शब्दांची असेल, तर वाचकानं ५५ वाचले आणि उडी ९० नंतर पडली. मधले ३५ शब्द त्याच्या नजरेलाच पडले नाहीत. एक्सर्प्ट हाताने लिहिलेला असेल, तर अख्खी प्रस्तावनाच सुटते. आणि ज्या जुन्या लेखांत मोअर ब्लॉकच नाही, तिथे पान वरूनच उघडतं. म्हणून एक्सर्प्ट ठेवायचा असेल तर लिंक साधी राहू द्या. उडी हवी असेल तर ‘द कंटेंट’ घ्या आणि प्रत्येक लेखात ब्लॉक टाका.

‘द कंटेंट’ असूनही हॅश दिसत नाही? मग बहुधा थीमनं ‘द कंटेंट मोअर लिंक’ या फिल्टरमधून (लिंक दाखवण्याआधी ती बदलू देणारी सोय) तो कापला आहे. नेटवर हा कोड फुकट सल्ल्यासारखा सर्रास दिला जातो. लांब प्रस्तावनेच्या लेखांवर तो अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे. फिल्टर चाइल्ड थीममधून (मूळ थीमवर आपले बदल ठेवणारी थीम) काढा, पण लक्षात ठेवा: चाइल्डची फंक्शन्स फाइल मूळ थीमच्या आधी चालते. तिथे थेट काढायला गेलात तर काढण्यासारखं काही नसतंच आणि एररही येत नाही. ‘आफ्टर सेटअप थीम’ या हुकवर (दोन्ही थीम लोड झाल्यावर येणारा टप्पा), मूळ थीमनं दिलेलं फंक्शनचं तेच नाव आणि तीच प्रायॉरिटी (क्रम ठरवणारा आकडा) देऊन काढा. घाबरण्यासारखं काही नाही, चार ओळींचं काम आहे.

उडी बसली पण पहिली ओळ चिकटलेल्या हेडरखाली दडते? हेडर ८० पिक्सेलचा असेल तर त्या स्पॅनला सीएसएसमध्ये ‘स्क्रोल मार्जिन टॉप’ (उडीनंतर वर सोडायची जागा) तितकंच द्या. मोजताना लॉगआउट करा. अॅडमिन बार (लॉग-इन असताना वर दिसणारी पट्टी) डेस्कटॉपवर ३२ पिक्सेल खातो. प्रस्तावनेतल्या चित्रांना रुंदी-उंची लिहिलेली हवी, नाहीतर चित्र उशिरा उतरतं आणि मजकूर खाली ढकलला जातो.