ख्रिस्ती श्रद्धेवरील आक्षेपांना उत्तर कसे द्यावे

कार्यालयातला सहकारी डबा उघडता उघडता म्हणतो, ‘तुमचा धर्म तर इंग्रजांनी आणला.’ त्याच रात्री महाविद्यालयात जाणारी मुलगी जेवताना विचारते, ‘पप्पा, बायबल नंतर बदलले गेले नाही कशावरून?’ अशा वेळी आपल्यापैकी बहुतेक जण एक तर रागावतात, नाही तर ‘पाळकसाहेबांना विचार’ म्हणून विषय मिटवतात. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मात्र आपल्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सिद्ध असावे, आणि ते उत्तर सौम्यपणे द्यावे, असे दोन्ही एकाच वचनात सांगितले आहे. माझ्या अनुभवाने यातला दुसरा भाग अधिक कठीण आहे.

उत्तर देण्यापूर्वी प्रश्न नीट ऐकून घ्यावा आणि ‘हे तुम्हांला कशामुळे वाटते?’ असे एकदा विचारावे. एकच वाक्य कोणी जिज्ञासेने बोलतो, कोणी जुन्या अपमानाच्या आठवणीने, तर कोणी घरातल्या दुःखामुळे, आणि या तिघांना एकच उत्तर देऊन चालत नाही. दुसरी गोष्ट अशी की आक्षेपात जेवढे खरे असेल तेवढे आधी मोकळेपणाने मान्य करावे. तसे केले नाही तर पुढे आपण कितीही बरोबर बोललो तरी ऐकणाऱ्याच्या मनात ते उतरत नाही.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त ऐकू येतो तो परकेपणाचा आक्षेप. येथे इतिहास हाताशी असावा. सहाव्या शतकातला कॉस्मास हा प्रवासी ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो, आणि हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले, तेव्हा ते ज्या घरी उतरले होते ते कुटुंब तेथे राहणारे ख्रिस्तीच होते. वास्को द गामा भारतात पोहोचायला अजून पावणेदोनशे वर्षे होती. इंग्रजांविषयी बोलायचे तर 1813 पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीने मिशनऱ्यांना मुक्तपणे येऊ दिलेच नाही. 1813 च्या आरंभी मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकी मिशनऱ्यांना परत जाण्याचे सरकारी हुकूम मिळाले होते.

एवढे सांगून थांबू नये. गोव्यात 1560 मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारे धर्मन्यायालय, त्याने केलेला छळ आणि पोर्तुगीज राजवटीत पाडली गेलेली मंदिरे ही आपल्या नावावरची पापे आहेत, आणि ती समोरच्याने सांगण्याआधी आपणच सांगावीत. दुष्काळात काही जण अन्नासाठी मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, आले हेही नाकारू नये. परंतु भुकेल्याला अन्न देणे हा अपराध नव्हे, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाने मानाच्या शोधात स्वतः घेतलेला निर्णय ‘आमिष’ या एका शब्दात गुंडाळणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणावे. उलट बाजूचे उदाहरणही द्यावे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या नारायण वामन टिळकांना त्यातून मिळाले काय, तर नातलगांचा दुरावा आणि पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षांचा विरह. त्यांची अभंगाच्या वळणाची गीते आजही आपल्या उपासनेत गायली जातात, आणि त्यांत परके काय आहे हे ऐकणाऱ्यानेच ठरवावे.

शास्त्र बदलले गेले या आक्षेपाला उत्तर देताना अतिशयोक्ती टाळावी. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाची, पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते उपलब्ध आहेत, परंतु त्यांतली बरीचशी उत्तरकालीन आणि पुष्कळशी अपूर्ण आहेत, हेही सांगावे. मँचेस्टरच्या ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांपैकी एकाचा) पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, एक तुकडा आहे. तो जेमतेम तळहाताएवढा असून त्याच्या दोन्ही बाजूंना अठराव्या अध्यायातील, येशू रोमी सुभेदार पिलातापुढे उभा असतानाच्या प्रसंगातील, तुटक ओळी आहेत. तो सामान्यतः दुसऱ्या शतकातला मानला जातो. दोन्ही बाजूंना लिहिलेले असल्यामुळे तो गुंडाळीचा नव्हे, तर पुस्तकाच्या पानाचा तुकडा आहे हे कळते. या एका तुकड्याने संपूर्ण ग्रंथ सिद्ध होत नाही, मात्र योहानाचा ग्रंथ फार उशिरा रचला गेला हे म्हणणे त्यामुळे अवघड होते. प्रतींमध्ये पाठभेद आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य वर्णलेखनाचे व शब्दक्रमाचे आहेत. मार्कच्या शुभवर्तमानातील शेवटच्या बारा ओव्या (वचने) आणि योहानातील व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग सर्वांत जुन्या प्रतींत नाही, हे मुलांना आपणच दाखवावे, म्हणजे पुढे कोणी ते गौप्यस्फोट म्हणून सांगितले तरी त्यांचा पाय घसरणार नाही. मराठी माणसाला हा विषय अवघड वाटू नये, कारण एकनाथांनी शके 1506 मध्ये अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. अनेक प्रती असतात म्हणूनच चूक सापडते.

कॉन्स्टंटाईन बादशहाने 325 च्या निकेया येथील बिशपांच्या परिषदेत शुभवर्तमाने निवडली, असेही पुष्कळदा ऐकू येते. त्या परिषदेचा मुख्य वाद ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी होता आणि तिच्या नियमांत ग्रंथांची यादी नाही. चार शुभवर्तमानांचा आग्रह तर इरेनियस या बिशपाने इसवी सन 180 च्या सुमारासच धरला होता.

येशूच्या पुनरुत्थानाविषयी, म्हणजे मरणातून उठण्याविषयी, बोलताना प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय उघडावा. हे पत्र इसवी सन 55 च्या सुमाराचे, म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांच्या आतले आहे, आणि ‘मला जे मिळाले तेच मी तुम्हांला दिले’ अशा अर्थाने पौल त्याहून जुनी साक्ष सांगतो. रिकामी कबर प्रथम स्त्रियांनी पाहिली असे चारही शुभवर्तमाने सांगतात. ज्या समाजात स्त्रीच्या साक्षीला फारसे मोल नव्हते, तेथे कल्पित कथा रचणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते. एवढ्याने कोणाला विश्वास ठेवणे भाग पडत नाही. विश्वास निराधार नाही, इतकेच दाखवणे आपल्या हाती आहे.

विज्ञानाच्या वादात फार वेळ घालवू नये. विश्वाच्या प्रसरणाचा विचार 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, एवढी आठवण बहुधा पुरते.

‘देव चांगला असेल तर हे दुःख का?’ हा प्रश्न मात्र वेगळा आहे. आमच्या शेजारच्या बाईंचा तरुण मुलगा गेला, तेव्हा मी तिसऱ्याच दिवशी बायबल घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि देवाच्या योजनेविषयी बोलत राहिलो. त्या मान खाली घालून पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत आणि सोडवत होत्या. माझे बोलणे संपल्यावर ‘चहा ठेवते’ म्हणून त्या आत गेल्या, आणि पुष्कळ वेळ बाहेर आल्या नाहीत. बायबलमधील दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, हे मी त्यापूर्वी कितीतरी वेळा वाचले होते. म्हणून सांगतो, शोकाच्या घरी आक्षेपाचे उत्तर घेऊन जाऊ नये. बसावे, पाणी भरावे, आल्यागेल्याचे बघावे. पुढे कधी त्यांनीच विचारले तर देव दुःखाबाहेर उभा राहिला नाही, वधस्तंभावर ‘तू माझा त्याग का केलास?’ हा आक्रोश त्याच्या पुत्राने स्वतः केला, तेथून बोलणे सुरू करावे.

उत्तर माहीत नसेल तर ‘वाचून पुढच्या रविवारी सांगतो’ असे म्हणावे आणि खरोखर सांगावे. त्यासाठी एक वही ठेवावी. दुसऱ्याच्या देवांविषयी एकही हलका शब्द तोंडातून जाऊ देऊ नये. आणि शंका आपल्याच मुलाने काढली तर त्याची उपासना, गायन, तरुण संघ यांतली जागा तशीच ठेवावी. येशू उठला हे ‘पाहिल्याशिवाय मानणार नाही’ म्हणणारा शिष्य थोमा आठ दिवसांनंतरही बाकीच्या शिष्यांबरोबर त्याच घरात होता, आणि प्रभूने आपले हात त्याला तेथेच दाखवले.