कुत्रा पाळणाऱ्यांना कुत्र्याचा शोपीस देताय? या चुका टाळा

नागपुरात धरमपेठेतल्या एका काकूंच्या वास्तुशांतीला मी मोठ्या हौसेने कुत्र्याचा शोपीस नेला. सोनेरी, बसलेला, जीभ बाहेर. काकूंनी खोका उघडला, फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हा कोणाचा होय वं?" त्यांचा ब्रूनो लॅब्राडोर. मी नेला होता गोल्डन रिट्रीव्हर. दुकानदार 'लॅबच आहे' म्हणाला आणि मी मान डोलावली.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला 'कुत्रे' आवडतात असं आपण धरून चालतो, पण त्याला आवडतो तो त्याचा कुत्रा. म्हणून आधी शेपूट बघा. लॅबची शेपूट बुडाशी जाड, आखूड केसांची. गोल्डनच्या शेपटीला आणि पायांमागे लांब झालर असते. शिह त्झूचा चेहरा गोल, नाक चपटं; ल्हासाचं तोंड जरा लांब. आणि आपल्याकडे ज्याला सगळे 'पॉमेरियन' म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. दुकानातला पॉम टेडीसारखा गोलमटोल, घरचा मात्र कोल्ह्यासारख्या निमुळत्या तोंडाचा. मालकाला फरक लगेच दिसतो.

देशी जातीचा शोपीस मिळणं कठीण. मुधोळ किंवा राजापालयम असेल तर माझा एक जुगाड आहे: 2005 साली टपाल खात्याने या दोघांची, शिवाय रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉगची तिकिटं काढली होती. जुनी तिकिटं विकणाऱ्याकडून एक घ्या, फ्रेम करा.

घरी गावठी असेल तर आपल्या मूर्तिकारांच्या गल्लीत, चितार ओळीत जा. मूर्तिकाराला फोटो दाखवून कुत्रा घडवून घेता येतो. मात्र गणपतीच्या तोंडावर जाऊ नका; तेव्हा तिथे कोणाला मान वर करायला सवड नसते. फोटो उभ्याने काढू नका, डोकं मोठं आणि पाय बारके येतात. जमिनीवर बसून समोरून, बाजूने आणि मागून काढा. फाटका कान, शेपटीचा वळसा दिसलाच पाहिजे. सारी ओळख त्यातच असते.

आता आपलं ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि बंद गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. रेझिनचा शोपीस डिकीत विसरलात तर बारीक पाय, शेपूट वाकू शकते. वाकलीच तर जोर लावू नका. तेवढाच भाग गरम, पण उकळता नाही अशा पाण्यात मिनिटभर धरा, हळूच सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. प्लास्टर किंवा कच्च्या मातीच्या मूर्तीवर हा प्रयोग करू नका, ती पाण्याने खराब होते. अशी मूर्ती कूलरच्या झोतासमोरही नको. दमट हवेने रंगाचे पोपडे सुटतात.

किमतीचं स्टिकर नेलपॉलिश रिमूव्हरने काढणं हा अजून एक वेडेपणा. स्टिकरबरोबर रंगही निघतो. खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा.

कुत्रा नुकताच गेलेला असेल तर हुबेहूब मूर्ती लगेच नेऊ नका. काही जणांना ती समोर असणं सहन होत नाही. घरच्यांपैकी एकाला आधी विचारा.

आणि टीपॉयवर ठेवायची वस्तू देऊ नका, भिंतीवरच्या फळीवर मावेल अशी द्या. टीपॉयची उंची म्हणजे नेमकी मोठ्या कुत्र्याच्या शेपटीची उंची. काकूंकडे आठवडाभरात ब्रूनोने माझ्या गोल्डनला खाली पाडलं, कान तुटला. घाईने फेविक्विक लावलं तर भोवती पांढरी झाक उठली. अराल्डाइट लावून रात्रभर तसंच ठेवायला हवं होतं. आता तो एका कानाला पांढरी कड घेऊन फ्रिजवर बसतो.