विरजण, पील आणि सरवा : घरा-वावरातल्या गोष्टीतून वचनाकडे कसं जायचं

घरसभेत (ख्रिस्ती मंडळी कुणाच्या घरी जमतात त्या प्रार्थनासभेत) बायबलमधल्या वचनावर पाच मिनिटं बोलायची पाळी आली की बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात. आधी शिकवण ठरते (क्षमा, धीर, भरवसा) आणि मग तिच्यात बसेल असा प्रसंग शोधला जातो. तो जुळवून आणलाय हे मागच्या सतरंजीवर बसलेल्या म्हातारीलाही कळतं. प्रसंग आधी नीट बघावा लागतो, शिकवण त्यातून निघाली तर निघते.

एक शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर प्रसंग लिहायचा, उजवं पान कोरं सोडायचं. आठ-दहा ओळी पुरतात, पण त्यांत फक्त दिसलेलं, ऐकलेलं, हाताला लागलेलं असावं. ‘यावरून कळतं की’, ‘प्रभूने मला दाखवलं’ असं काही डाव्या पानावर चालणार नाही. ‘आजी फार विश्वासू होती’ या ओळीतून काही निघत नाही. ‘दळण काढताना आजी मूठभर ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची आणि तो डबा कुणाला उघडू द्यायची नाही’ या ओळीतून निघू शकतं. आठवण जुनी असेल तर घरातल्या आणखी एकाला विचारून घ्या. डबा पितळी होता की पत्र्याचा यावर दोघांचं जमलं नाही, तर तेवढं गाळा. प्रसंगात जिवंत माणूस असेल तर त्याची परवानगी घ्या, विशेषतः आजार, दारू, कर्ज, सोयरीक यांपैकी काही असेल तर. खेड्यात नाव न घेताही माणूस ओळखला जातो.

दोन-तीन दिवस वही मिटलेली राहू द्या. मग उजव्या पानावर एकच शब्द लिहा, तोही क्रियापद. नावं फसवतात. पाणी दिसलं की जिवंत पाणी, मेंढरं दिसली की उत्तम मेंढपाळ, दिवा दिसला की जगाचा प्रकाश, असा प्रत्येक जण त्याच चार वाटांनी जातो. लपवणं, थांबणं, सोडून देणं, परत मागणं अशा क्रियापदाला धरून शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, शोधलं की वेगळे उतारे सापडतात. सापडलेलं वचन एकटं उचलू नका. मागच्या-पुढच्या दहा ओळी वाचा, आणि कोण कोणाशी बोलतंय ते पानावर टिपा.

विरजणाचं उदाहरण घ्या. मत्तय १३:३३ मधली बाई खमीर तीन मापं पिठात लपवते. तीन मापं म्हणजे घरच्यापुरतं नव्हे, पंगतीचं पीठ. पण आपल्याकडच्या ज्वारीच्या किंवा कळण्याच्या भाकरीत खमीर पडतच नाही, म्हणून हा दाखला शिकवणारा थेट बेकरीच्या पावाकडे धावतो आणि ऐकणाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडतो. लिटरभर कोमट दूध, चमचाभर विरजण, एकदा ढवळायचं आणि झाकण. हे मात्र सगळ्यांच्या हाताखालचं आहे. दूध फार कढत असेल तर विरजण वाया जातं. सारखं झाकण काढून हलवलं तर दही पाणी सोडतं. वैशाखात जेवणवेळेपर्यंत लागतं, पौषात रात्रभर फडक्यात गुंडाळूनही सकाळी पातळच. क्रियापद ‘लपवणं’, आणि त्याला जोडून ‘सगळं होईपर्यंत’. दाखल्याचाही जोर तिथेच आहे : थोडकं, न दिसणारं, पण सगळ्याला लागणारं.

आता हा दाखला कुठे तुटतो ते बघा, कारण संडे स्कूलमधलं पोरगं नेमकं तेच विचारणार : दही जास्त ठेवलं तर आंबतं, मग देवाचं राज्यही आंबतं का? उत्तर जुळवत बसू नका. दाखला इथपर्यंतच आहे असं सरळ सांगा. शिवाय मत्तय १६:६ आणि १ करिंथ ५:६ मध्ये खमीर वाईट अर्थाने येतं, तेव्हा ‘खमीर म्हणजे देवाचं राज्य’ असं फळ्यावर लिहून ठेवलं की पुढच्या महिन्यात गडबड होते. उजव्या पानाच्या तळाशी ‘तुटतं कुठे’ अशी एक ओळ ठेवा. ती भरल्याशिवाय तो प्रसंग सभेत न्यायचा नाही.

ती ओळ न भरल्यामुळे सगळ्यात जास्त घोळ केळीच्या बागेत होतो. जळगावच्या रावेर-यावलकडे बोलायला उभं राहिलं की केळी आठवणारच. झाड एकदाच घड देतं. घड उतरला की त्याचं काम संपलं. बुडाशी पील (नवे कोंब) फुटत राहतात आणि ते सगळे ठेवले तर घडाला वजन येत नाही, म्हणून वेळोवेळी ते कापतात आणि पीलबागेसाठी, म्हणजे त्याच कंदावरच्या पुढच्या पिकासाठी, एकच जोमदार राखतात. हे ऐकलं की बोलणाऱ्याला दोन वचनं सुचतात : योहान १२ मधला जमिनीत पडून मरणारा गव्हाचा दाणा, आणि योहान १५ मधली छाटणी. दोन्ही बसत नाहीत. लागवडीची केळी बियाण्यातून येतच नाही, त्यामुळे ‘दाणा मरतो’ हे चित्र बागायतदाराच्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही. छाटणीचं तर आणखी अवघड. योहान १५:२ मध्ये द्राक्षवेलाचा फळ देणारा फाटा साफ केला जातो, त्यालाच अधिक फळ यावं म्हणून. कापलेला पील मात्र निरोगी असतो. त्याचं काही चुकलेलं नसतं, तो दुसऱ्याच्या वजनासाठी जातो. ‘देव असाच छाटतो’ म्हणालात, आणि समोर लेकरू गेलेली आई बसली असेल, तर तिच्या कानावर काय पडतं याचा विचार करा.

याच बागेत खरं बसणारं एक चित्र आहे. राखलेला पील घड उतरल्यावर उगवत नाही. आईच्या डोक्यावर घड असतानाच, त्याच कंदावर, तिच्या सावलीत तो वाढत असतो. क्रियापद ‘शेजारी वाढणं’. आता २ तीमथ्य १:५ उघडा : आजी लोईस, आई युनीके, मग तीमथ्य. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला तीमथ्याच्या विश्वासाची आठवण होते तीच घरातल्या त्या दोन बायांच्या नावांसकट. वयस्कर मंडळींच्या सभेत इथे एकच प्रश्न ठेवता येतो : आपल्या बुडाशी आत्ता कोण वाढतंय?

सरव्याला एवढी मेहनत लागत नाही. भुईमूग उपटून झाला की मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला बाया-पोरं येतात, तो सरवा. मराठी शास्त्रात रूथच्या दुसऱ्या अध्यायात हाच शब्द आहे, त्यामुळे पूल बांधायची गरज नाही. लेवीय १९:९ मधला नियम वाचा, मग रूथ २:१६, जिथे शेताचा मालक बवाज रूथसाठी गड्यांना पेंढ्यांतली कणसं मुद्दाम सोडायला सांगतो. ‘मुद्दाम सोडणं’ या दोन शब्दांवर थांबा. वावराचा मालक सभेत बसलेला असतोच.

कपाशीच्या पट्ट्यात गुलाबी बोंडअळीचा दाखला फार वापरला जातो : बोंड वरून हिरवंगार आणि आत पोखरलेलं, मत्तय २३:२७ मधल्या चुना लावलेल्या कबरींसारखं. चित्र अचूक आहे. पाकळ्या न उमलता गुंतून राहिलेली डोमकळी सोबत नेली तर पोरंही विसरत नाहीत. पण ज्या वर्षी अळीने गावची कपाशी नेली त्या वर्षी हा दाखला घरीच ठेवा. नुकसान झालेल्याला तो शिक्षेसारखा लागतो. येशूने शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्यांबद्दल (लूक १३:४) आणि जन्मांधाबद्दल (योहान ९:३) ‘संकट म्हणजे पापाची शिक्षा’ हा हिशोब नाकारला आहे. गारपीट, वादळाने आडवी झालेली बाग, कर्ज यांनाही हेच लागू. त्या घरी स्तोत्र १३ वाचा आणि गप्प बसा.

शेजाऱ्याच्या सणाबद्दलही जरा जपून. अखजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका, माहेरी आलेल्या लेकी, कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या) सणावेळचा भाऊबंदांचा गोतावळा या आठवणी ख्रिस्ती घरांतही असतात आणि त्या सांगायला हरकत नाही. दुसऱ्याच्या पूजेची टिंगल करून आपला मुद्दा मोठा करायचा मोह मात्र आवरा. त्यातून शिकवण निघत नाही, भांडण निघतं.

सांगताना चारशे शब्द म्हणजे साधारण चार मिनिटं. त्यातली अडीच प्रसंगाला द्या. माणसं अहिराणीत बोलली असतील तर त्यांचं बोलणं अहिराणीतच ठेवा. ‘मन्ही माय’ म्हटल्यावर जी आई उभी राहते ती ‘माझ्या मातोश्री’ म्हटल्यावर राहत नाही. वचन पाठ येत असलं तरी पुस्तक उघडून वाचा. लोकांना पान काढायला वेळ द्या, पानांची सळसळ थांबली की मग सुरू करा. शेवटी एक प्रश्न, आणि खाली बसा. प्रश्नानंतर ‘म्हणजे मला सांगायचंय काय की’ सुरू झालं की ऐकणारे चपला शोधायला लागतात.

लहान मुलांपुढे वस्तू हातात द्या, नुसती दाखवू नका. यहोशवा ४ मध्ये यार्देनेतून बारा धोंडे उचलून आणले ते याचसाठी, की पुढे पोरांनी ‘हे कसले?’ असं विचारावं. मांड्यांचं जुनं खापर, वरवंटा, आजोबांचा रेल्वेचा कंदील (भुसावळच्या घरांत असा निघतोच) टेबलावर ठेवा आणि पोरांनी विचारेपर्यंत काही बोलू नका. दोन मिनिटं लागली तरी चालतील.

वहीत काही उजवी पानं कोरीच राहतील. ती फाडू नका, भरायची घाईही करू नका. वर्षातून एकदा, पेरणीआधीच्या मोकळ्या दिवसांत, सगळी वही पहिल्यापासून वाचा. तोवर तुमचं शास्त्रवाचनही पुढे सरकलेलं असतं, आणि एखाद्या जुन्या पानाला त्याचं क्रियापद मिळतं.