पोकरचा कोणता प्रकार आपल्या हाताला बसेल?

खानदेशात आखाजीला झोके बांधले जातात तसे ओट्यावर पत्त्यांचे डावही बसतात. त्यामुळे पोकर शिकू पाहणारा इथला माणूस सहसा कोरा नसतो. तीन पत्ती, मेंढीकोट किंवा रमी यांपैकी काहीतरी त्याच्या हातात मुरलेले असतेच. प्रकार निवडताना सर्वांत लोकप्रिय कोणता हे पाहण्यापेक्षा, या मुरलेल्या खेळाने आपल्याला नेमकी कोणती सवय लावली आहे हे तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

तीन पत्ती खेळणाऱ्याने एक गोष्ट मात्र आधी विसरायला हवी. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने लागोपाठचे पत्ते) कलरवर (सगळे पत्ते एकाच चिन्हाचे) मात करतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सवर. यामागे साधा हिशेब आहे. तीन पत्त्यांच्या २२,१०० जुळण्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६ असतात. पाच पत्त्यांत मात्र सिक्वेन्स १०,२०० होतात आणि कलर ५,१०८ च राहतात. जे दुर्मीळ, ते वरचढ.

समोरच्याचा चेहरा, त्याचा थांबा, चाल वाढवण्याची त्याची घाई हे ज्याला वाचता येते, त्याने टेक्सास होल्डेम घ्यावे. हातात दोन झाकलेले पत्ते आणि मधोमध सर्वांचे पाच उघडे, यांतून सर्वोत्तम पाच निवडायचे असतात. नियम तासाभरात कळतात आणि खरी कसोटी चाली लावण्यातच लागते. दडपण सोसत नसेल, तर चालीची रक्कम ठरलेली असते तो लिमिट प्रकार निवडावा, कारण नो-लिमिटमध्ये एका चुकीत सगळे चिंचोके जातात.

मेंढीकोटमध्ये दश्श्या कोणाकडे गेल्या, हुकूम किती उतरले हे ज्याच्या डोक्यात आपोआप राहते, त्याच्यासाठी सेव्हन-कार्ड स्टड हाच प्रकार आहे. त्यात मधले सामाईक पत्ते नसतात; प्रत्येकाला तीन झाकलेले आणि चार उघडे असे सात पत्ते मिळतात, आणि जो डाव सोडतो त्याचे उघडे पत्तेही उलटे होतात. ते लक्षात ठेवावेच लागतात. समजा, आपल्या पहिल्या पाच पत्त्यांत चार बदाम आहेत आणि दोन पत्ते यायचे आहेत. इतरांकडे न पाहणारा माणूस पाचवा बदाम येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के धरेल. पण इतरांच्या आतापर्यंत दिसलेल्या बारा पत्त्यांत पाच बदाम गेले असतील, तर ती सुमारे २२ टक्क्यांवर येते आणि मोठी चाल देणे तोट्याचे ठरते. ही स्मरणशक्ती असलेल्या माणसाने केवळ सगळे खेळतात म्हणून होल्डेमकडे वळणे म्हणजे जवळची पुंजी वाया घालवणे होय.

ओमाहा हिशेबी माणसाचा प्रकार आहे. हातात चार पत्ते असतात, त्यांतले नेमके दोनच आणि मधले नेमके तीनच वापरायचे. पहिल्यांदा खेळताना मधे चार बदाम पडले होते आणि माझ्या हातात बदामाचा एक्का होता, तेव्हा कलर झाला असे समजून मी बरेच चिंचोके लावले. हातात दुसरा बदाम नसल्यामुळे कलर झालाच नव्हता. चार पत्त्यांतून दोनांच्या सहा जोड्या होतात, म्हणून मोठे हात (पाच पत्त्यांच्या वरचढ जुळण्या) वारंवार बनतात आणि होल्डेममध्ये भक्कम वाटणारी एक्क्यांची जोडी इथे अनेकदा अपुरी पडते. ज्याला हातची जोडी सोडवत नाही, त्याने ओमाहा टाळावे. सर्वांत खालचा हात जिंकतो तो रॅझ, आणि ३६ पत्त्यांचा शॉर्ट डेक, हे नंतर पाहावेत.

शिकणे चिंचोक्यांवरच करावे. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही लागू आहे.

प्रत्येकी शंभर चिंचोके घेऊन तिन्ही प्रकारांचे वीस-वीस डाव खेळावेत आणि कोण जिंकले यापेक्षा, आपण पत्ते टाकल्यावर काय करतो हे पाहावे. इतरांचे उघडे पत्ते मोजत राहिलो तर स्टड, माणसांकडे पाहत राहिलो तर होल्डेम, आणि आपला सोडलेला हात शेवटी कुठवर गेला असता याची जुळवाजुळव करत राहिलो तर ओमाहा.