खारा वारा किती वाजता आला, ते रोज लिहा: वसई, उत्तन, गोराईच्या वाडीवाल्यांसाठी फेब्रुवारी ते एप्रिलचा सल्ला

होळीच्या आगेमागे मेथी-कोथिंबिरीचे वाफे एका दुपारीत करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो. ऊन तर रोजच असतं. त्या दिवशी खाऱ्या वाऱ्याला उशीर झालेला असतो, आणि आदल्या संध्याकाळी वाफ्याला पाणी मिळालेलं नसतं. दरवर्षी हेच होतं.

एरवीचा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा, जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा. तो आला की पारा चढायचा थांबतो, म्हणून मार्चमध्ये सांताक्रूझचं सरासरी कमाल तापमान 33 अंशांच्या आसपासच राहतं. पण अधूनमधून पूर्वेचा वारा असा जोर धरतो की खारा वारा दोन-तीन वाजेपर्यंत आत शिरतच नाही. तेवढ्या वेळात पारा 38-40 गाठतो आणि हवा कोरडी ठक्क होते. सांताक्रूझला 28 मार्च 1956 रोजी 41.7 अंश नोंदले गेले ते मार्चातच, आणि मार्च 2018 मध्ये पारा पुन्हा 41 वर गेला. किनारपट्टीवर 37 अंश गाठून सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झाल्यावर हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. कोथिंबीर तेवढं थांबत नाही. कोरडा वारा असला तर 36 लाही तिच्या कडा जळतात.

अंदाज जरूर बघा. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मेघदूत ॲपवरही मिळतो. पण पालघर जिल्हा म्हणजे अर्नाळ्याचा किनाराही आणि जव्हार-मोखाड्याचा डोंगरही. त्या एका आकड्यावर आपल्या वाडीचं पाणी ठरवू नका. मुंबईतच मार्चच्या दुपारी कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

नोंदीला लागतं फार थोडं: कमाल-किमान तापमापी, दोन साध्या तापमाप्या, मलमलीची चिंधी, दहा फुटी बांबू आणि त्याला सुती कापडाची पट्टी. तापमापी भिंतीला किंवा पत्र्याच्या शेडखाली टांगाल तर दोन-तीन अंश सहज जास्त दाखवेल. झडपांची लाकडी पेटी पांढरी रंगवा, जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, दार उत्तरेला असू द्या. साध्या दोनपैकी एकीच्या फुग्याला मलमल गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. विहिरीचं पाणी इथे नको, त्यातल्या क्षारांनी चिंधी कडक होते आणि ओली तापमापी खोटं बोलू लागते. आरओ फिल्टरचं पाणी वापरा, चिंधी महिन्याला बदला.

रोज सकाळी साडेआठला आणि दुपारी दोनला वाचन. दोनला कोरडी 33 आणि ओली 26, म्हणजे सात अंशांचा फरक, हा साधा दिवस. हवेत निम्म्याहून जास्त ओलावा आहे. कोरडी 36 आणि ओली 22 झाली की ओलावा 30 टक्क्यांच्या खाली उतरला. फरक दहावर गेला की सावध व्हा, असा आमचा ठोकताळा आहे. पुस्तकात तो सापडणार नाही.

सगळ्यात मोलाचा रकाना मात्र वाऱ्याचा. बांबूवरची पट्टी पश्चिमेकडे फडकायची थांबून पूर्वेकडे कधी फडकू लागली, म्हणजे समुद्राचा वारा कधी आला, ती वेळ लिहा. काल साडेअकरा, आज पाऊण, असं सरकत चाललं की उद्या-परवा भाजणार हे धरून चाला. सकाळी नऊलाच पूर्वेचा वारा कोरडा आणि जोरात असेल, आकाश निरभ्र असेल, तर दुपारची वाट बघू नका. हा रकानाच बहुतेक जण भरत नाहीत. नुसतं कमाल तापमान लिहून ठेवतात, ते कळतं तेव्हा वाफा गेलेला असतो.

पाणी आदल्या संध्याकाळी, पाच नंतर. रात्रभर मुळं पाणी ओढतात आणि सकाळी पान भरलेलं राहतं. पालेभाजीला पहाटे आणखी एक हलकी पाळी. भर दुपारी पान मान टाकतंय म्हणून पाट सोडू नका. तापलेल्या मातीत उभं राहिलेलं गरम पाणी मुळांना मारतं. बावखलात (वाडीतल्या तळ्यात) गोडं पाणी असेल तर ते या दिवसांसाठी राखून ठेवा. मार्चनंतर किनाऱ्याजवळच्या विहिरी खारावतात. पाणी जिभेला खारट लागलं तर ते पानावर शिंपडायचं नाही, फक्त बुंध्याशी द्यायचं. वाळल्यावर पानावर उरलेलं मीठच कडा जाळतं.

दुकानात याच दिवसांत ‘उष्णतारोधक’ टॉनिकच्या बाटल्या पुढे केल्या जातात. समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो, ह्युमिक, लेबलं वेगळी. कोरड्या मुळावर त्यातलं काहीच चालत नाही. भाताचा पेंढा किंवा सुकं गवत तीन-चार बोटं जाड अंथरा, काम होतं. केओलिनचा (बारीक पांढऱ्या मातीचा) फवारा फळझाडाला चालेल, पालेभाजीला नको. पांढरा थर बसलेली जुडी बाजारात कोण घेणार?

आणि गंधक. काकडी, दोडक्यावर भुरी (पानावरची पांढरी बुरशी) दिसली की दुकानदार पाण्यात विरघळणारं गंधक 80 टक्के हातात देतो. 10 लिटरला 20 ग्रॅम हे प्रमाण बरोबर आहे, दिवस चुकतो. पारा 33-35 च्या वर जाणार असेल तर गंधकाने पान भाजतं, वेलवर्गाचं तर हमखास. खारा वारा वेळेवर येतोय अशाच दिवसांत, संध्याकाळी फवारा. कोरड्या पूर्व वाऱ्यात मोगरा आणि वांग्यावर लाल कोळीही झपाट्याने वाढते. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, हलणारे ठिपके दिसले की समजा. त्यावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारू नका, मित्रकिडी मरतात आणि कोळी दुप्पट होते. पहाटे पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस द्या, पुष्कळदा तेवढ्यावर आटोक्यात येते.

आंब्याला फळं वाटाण्याएवढी असल्यापासून अंड्याएवढी होईपर्यंत दर 15 दिवसांनी झाडामागे 150 ते 200 लिटर पाणी आणि आळ्यात सुक्या गवताचं आच्छादन. आच्छादनाने जमिनीची धग फळापर्यंत कमी पोचते आणि हापूसमधला साका (गराचा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) कमी होतो. कोरड्या झाडाला लाटेच्या दिवशी एकदम भरपूर पाणी दिलंत तर गळ उलट वाढते.

बाकीची कामं, थोडक्यात:
आंब्यावर 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) खताचा फवारा, 1 टक्का, फळ वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढं असताना.
फळमाशीसाठी रक्षक सापळे, हेक्टरी 4.
तुडतुडे दिसलेच तर इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के, 10 लिटरला 3 मिली; मोहोर फुललेला असताना नाही.
वेलभाज्यांवर सकाळी फवारणी बंद, मधमाश्या असतात.
मोगऱ्याची कळी उजाडायच्या आत तोडून दादरच्या गाडीला.
युरिया लाटेच्या दिवसांत नको.

मेच्या मध्यापासून सकाळपासूनच पश्चिमेचा दमट वारा राहतो. तेव्हा वाऱ्याच्या वेळेचा रकाना थांबवा, ओल्या-कोरड्या तापमापीचा चालू ठेवा. फरक चार अंशांच्या आत आला की काळजी करप्याची, म्हणजे दमट हवेत येणाऱ्या बुरशीच्या रोगाची.