मुलाचे मानसिक उपचार कधी वाढवायचे, कधी कमी करायचे

नैराश्याचे किंवा चिंतेचे उपचार घेणाऱ्या मुलाची तब्येत वर्षभर एकसारखी राहत नाही. दिवाळीत मावसभावंडांबरोबर रात्री जागून पत्ते खेळणारी मुलगी जानेवारीत, प्रिलिमच्या तोंडावर, चार-चार दिवस अंथरुणातून उठत नाही. उपचार मात्र एकाच चालीने सुरू राहतात: महिन्याला एक भेट, तीच गोळी, समुपदेशनाची तीच पन्नास मिनिटं. नाहीतर बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळंच बंद होतं. गाडी घसरते ती बहुतेकदा इथेच.

आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी साधारण निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. याच दहा वर्षांत मूल शाळा बदलतं, गाव बदलतं, हॉस्टेलला जातं, अठरा वर्षांचं होतं. म्हणून उपचारही त्याच्याबरोबर कमी-जास्त व्हायला हवेत, आणि ते कसे होतील हे मूल बरं असतानाच कागदावर ठरायला हवं. पुढची माहिती १२ ते २५ वर्षांच्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

एक पान, चार पायऱ्या

डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकांच्या पुढच्या भेटीला एक कोरं पान घेऊन जा. मूल, घरातलं एक माणूस आणि उपचार करणारी व्यक्ती अशा तिघांनी मिळून ते भरायचं. पहिली पायरी म्हणजे मूल ठीक आहे: झोप, जेवण, कॉलेज जागेवर. तीन महिन्यांतून एक भेट पुरते. दुसरीवर कुरबुरी सुरू झालेल्या असतात, तेव्हा पंधरा दिवसांनी एक सेशन. तिसरीवर दर आठवड्याला सेशन आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट, कारण इथे गोळीचा विचार करावा लागतो. चौथी म्हणजे जिवाला धोका. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना, आणि मुलाला एकटं सोडायचं नाही.

पायऱ्या लिहायला दहा मिनिटं लागतात. खरं काम आहे ते खुणा ठरवण्याचं. ‘जास्त झालं तर येऊ’ याला अर्थ नाही, कारण घरात प्रत्येकाचं ‘जास्त’ वेगळं असतं. बाबांना ते मार्क घसरल्यावर दिसतं, आईला ताटात जेवण उरल्यावर, आणि मुलाला स्वतःला महिनाभर आधीपासून माहीत असतं. म्हणून मोजता येईल असं लिहा. बारावीतल्या मुलाचं पान असं होऊ शकतं:

‘सलग ३ रात्री झोप ५ तासांपेक्षा कमी. आठवड्यात ३ दिवस क्लास बुडाला. २ दिवस आंघोळ नाही. मित्रांचे फोन उचलत नाही. यातल्या कोणत्याही दोन खुणा दिसल्या तर आठवड्याच्या आत भेट.’

त्याखाली मुलाला त्याच्या हाताने एक ओळ लिहायला सांगा. ‘मी गाणी ऐकायची बंद केली की समजा’ अशी ओळ आली, तर ती बाकी सगळ्या खुणांपेक्षा मोलाची समजा. ती खूण बाहेरून कुणालाही सुचली नसती.

जोडीला पीएचक्यू-९ हा नैराश्याचा त्रास मोजणारा तक्ता वापरता येतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. मराठीत उपलब्ध आहे, किशोरवयीन मुलांसाठी थोडा वेगळा नमुनाही आहे. डॉक्टरांकडून मागून घ्या. १० आणि त्यावर गुण आले तर तपासणी हवीच, २० आणि त्यापुढे त्रास तीव्र धरतात. पण निदान या तक्त्याने होत नाही. त्याचा खरा उपयोग कल दिसण्यासाठी आहे: महिन्यातून एकदा भरा, तारीख घाला, एकाच वहीत ठेवा. आधीपेक्षा ५ गुण वाढले तर एक पायरी वर. मात्र नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

वर जाताना

त्रास वाढला की घरचे एकाच आठवड्यात सगळं बदलतात: नवा डॉक्टर, नवी गोळी, मोबाईल बंद, क्लास बंद. मग कशाने फरक पडला आणि कशाने बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही. आधी भेटींची संख्या वाढवा. पंधरवड्याचं सेशन आठवड्यावर आणा. औषधाचा निर्णय डॉक्टर घेतील.

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं गणित घरात प्रत्येकाला माहीत हवं. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा असे त्रास आधी दिसतात. फायदा दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो आणि पूर्ण परिणामाला सहा-आठ आठवडे लागतात. ‘आठ दिवस झाले, काही फरक नाही, उलट त्रासच’ म्हणून गोळी थांबते ती या उलट्या क्रमामुळे. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पंचविशीच्या आतल्या काहींमध्ये गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्या काळात दर आठवड्याला भेट किंवा निदान फोन आधीच ठरवून घ्या. घाबरून गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टरांना कळवा.

आणखी एक चकवा. मूल अचानक तीन-चार तासच झोपतंय आणि तरीही टवटवीत आहे, भरभर बोलतंय, पैसे उधळतंय, मोठमोठे बेत आखतंय. घरच्यांना वाटतं, गोळी लागू पडली. हे उन्मादाचं लक्षण असू शकतं. पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण अशा वेळी औषध बदलावं लागू शकतं.

चौथ्या पायरीचं पान वेगळं ठेवा

हे पान मुलाच्या शब्दांत असावं आणि त्याच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो असावा. त्यात क्रमाने सहा गोष्टी येतात: वादळ येतंय हे मला कशावरून कळतं, मी एकटा काय करून स्वतःला सावरू शकतो, मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा, कुणाला ‘मला मदत हवी’ म्हणू शकतो, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कोण, कुठे ठेवणार. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि फुकट आहे. जीव धोक्यात असेल तर ११२.

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त जीव वाचवतो आणि नेमका तोच राहून जातो. शेतकरी घरात कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि किल्ली मुलाला सापडणार नाही अशा माणसाकडे द्या. शक्य असेल तर ती राहत्या घरात ठेवूच नका. औषधांच्या गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच हाताशी ठेवा. त्यात आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही येतात. टोकाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाची लाट असतो. ती लाट ओसरेपर्यंत हाताशी काही नसणं हेच मोठं संरक्षण.

विचारताना आडून विचारू नका. ‘तुला मरून जावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारल्याने मुलाच्या डोक्यात विचार येत नाही. असलेला बाहेर पडायला वाट मिळते.

सेशन बुडायला लागली तर

तीन सेशन बुडाली की ‘त्यालाच बरं व्हायचं नाही’ असा निकाल लागतो. तो बहुतेकदा चुकीचा असतो. कारण शोधा. सेशन क्लासच्या वेळेवर येतं का? बस सुटते का? समोरासमोर पन्नास मिनिटं बसणं जड जातं का? मग पंचवीस मिनिटांची दोन सेशन मागा, एक फोनवर, एक प्रत्यक्ष. चार भेटींनंतरही समुपदेशकांशी सूर जुळत नसेल तर तसं त्यांनाच सांगून दुसरं नाव मागा. चांगले समुपदेशक राग धरत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक विचारायला संकोच नको.

गुप्ततेचा प्रश्नही इथेच असतो. मुलाला वाटतं, इथे बोललेलं सगळं आईला कळणार. पहिल्याच भेटीत तिघांसमोर ठरवा की जिवाला धोका असेल तरच घरी सांगितलं जाईल. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, हेही मुलाला आधी सांगायला हवं. फसवलं गेल्याची भावना आली की ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

पैशांमुळे भेटी तुटत असतील तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी आहे. १० ते १९ वयासाठी सरकारी रुग्णालयांतली मैत्री क्लिनिक आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. जाणारा प्रत्येकजण दाखल होत नाही.

गाव बदलताना

जून-जुलैत लातूरहून पुण्याला, सांगलीहून मुंबईला मूल जातं. गादी, बादली, डबा सगळं आठवणीने बांधलं जातं, फाईल घरी राहते. जाण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून एक पानी पत्र घ्या: निदान, आतापर्यंतची औषधं आणि डोस, काय लागू पडलं नाही, धोक्याच्या खुणा. गोळीचं नाव ब्रँडचं नको, मूळ औषधाचं हवं, कारण दुसऱ्या गावातल्या मेडिकलमध्ये तो ब्रँड मिळेलच असं नाही. बरोबर तीस दिवसांच्या गोळ्या द्या आणि नव्या डॉक्टरांची पहिली भेट पंधराव्या दिवसाच्या आत ठरवा. नव्या ठिकाणी दोन भेटी होईपर्यंत जुन्या डॉक्टरांशी फोन चालू ठेवा. सगळंच ऑनलाइन निभेल असं धरू नका. एडीएचडीसाठीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेटसारख्या गोळ्या डॉक्टरांना ऑनलाइन लिहून देता येत नाहीत.

हॉस्टेलवर किमान एका माणसाला माहीत असावं. कुणाला आणि किती, हे मूल ठरवेल. रूममेटला निदानाचं नाव सांगायची गरज नाही. ‘मी दोन दिवस मेसला आलो नाही तर ताईला फोन कर’ एवढं पुरतं.

अठरावा वाढदिवस

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे अठरा पूर्ण झाली की संमती मुलाची. डॉक्टर त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांना सगळं सांगणार नाहीत. वाढदिवसाच्या तीन महिने आधी या गोष्टी बोलून घ्या. मूल साध्या कागदावर लिहून, सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे गरज पडली तर उपचारांच्या निर्णयात मदत करणारी व्यक्ती, नेमू शकतं. ती आईच असावी असं नाही, मोठा भाऊ किंवा मावशीही चालते. पुढे तब्येत ढासळली तर कोणते उपचार हवे, कोणते नकोत याचा आगाऊ निर्देशही देता येतो. बालमानसोपचार विभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना एक भेट दोन्ही डॉक्टरांबरोबर मिळते का, ते विचारा. याच वळणावर पुष्कळ मुलं उपचारातून गळतात.

खाली उतरताना

खुणा चार आठवडे शांत असतील तरच एक पायरी खाली. एका वेळी एकच गोष्ट कमी करा: सेशन कमी करताय तर गोळी तशीच, गोळी कमी करताय तर सेशन तशीच. परीक्षेच्या किंवा गाव बदलण्याच्या आगेमागे महिनाभर काहीही कमी करू नका. पूर्ण बरं वाटू लागल्यावरही गोळी साधारण सहा ते बारा महिने चालते, मग डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं असे त्रास होतात आणि आजार उलटला असा गैरसमज होतो. ते ओळखायला सोपी युक्ती: प्रत्येक पाकिटाच्या मागे डोस बदलल्याची तारीख बॉलपेनने लिहा. बदलानंतर चार-पाच दिवसांत सुरू झालेला त्रास बहुधा डोस उतरल्याचा असतो; आजार परतताना सहसा आठवडे घेतो. दोन्ही वेळा फोन मात्र डॉक्टरांनाच करायचा.

गोळी पूर्ण थांबल्यावर पुढचे सहा महिने पीएचक्यू-९ दर महिन्याला भरत राहा. त्यानंतर वही आणि फाईल कपाटात ठेवा, आणि पुढच्या मोठ्या परीक्षेच्या किंवा पहिल्या नोकरीच्या दोन महिने आधी, सगळं ठीक असलं तरी, एक भेट घेऊन ठेवा.